पाहुण्यांचे माप

"हे घाल," मोंचो म्हणाला आणि त्याने गवताची टोपी टेबलावर ठेवली. टोपीखाली फुलाफुलांचा एप्रन होता, इस्त्री करून चौकोनी घडी घातलेला.

साबेलाने टोपी उलटी करून पाहिली. आतल्या पट्टीला आईचे दोन पांढरे केस चिकटलेले होते.

"आई कधी असली टोपी घालून खाडीत उतरायची?" ती म्हणाली. "डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधायची ती."

"पिशवीचा फोटो कोण काढणार?" मोंचो कॉफीचा कप विसळत म्हणाला. "नऊ माणसं आहेत, ताई. जानेवारीत बुकिंग केलंय त्यांनी. आई फेब्रुवारीत गेली, यात त्यांची काय चूक?"

त्याच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. मोंचोचे सगळेच त्याच्या दृष्टीने बरोबर असे. बंदरावर त्याची खानावळ होती, वर सहा खोल्या होत्या, आणि गल्ल्यापाशी पत्रकांचा गठ्ठा होता. 'कोरवेइरो: निसर्ग, किनारे आणि ताजी मासळी.' तीन गोष्टींत गाव संपले होते. त्यातली ताजी मासळी मोंचोच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी ट्रकने येई, बर्फाच्या पोत्यांतून, कुठून ते साबेलाने कधी विचारले नाही. पत्रकावर आईचा फोटो होता. वाकलेली, हातात दाताळे, डोक्यावर ही टोपी, आणि चित्रात नसलेल्या कुणाकडे तरी बघून हसणारी. आई हसताना ओठ मिटून हसत असे. फोटोत दात दिसत होते.

"बाल्बिनामावशीला सांग ना," साबेला म्हणाली.

"सांगून बघितलं. तोंडावर थुंकायची तेवढी बाकी राहिली." त्याने कप पालथा घातला. "आणि हे बघ, आज यांना जवळच्या शिंपल्यांच्या वाफ्यावर ने. पायऱ्या उतरल्या की लगेच डाव्या हाताला. आई त्यांना पार त्या टोकाला न्यायची, खडकांच्या पलीकडे. तीन तास चिखल तुडवायचा आणि बादली रिकामी. सहा वर्षं लोक माझ्याकडे तक्रार करतायत. शिंपलीवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षाला मी पटवलंय. म्हणाला, आज एक दिवस करून बघ. लोकांच्या बादल्या भरल्या आणि खूश झाले, तर उन्हाळाभर वाफा उघडा करू."

"तिथं बायका काम करतात, मोंचो. पेरलेला वाफा आहे तो."

"समुद्र कुणी पेरतं का?" तो म्हणाला. शिंपल्या उकरून मुलं वाढवलेल्या बाईचा मुलगा असे म्हणाला, आणि त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

साबेला सालामांकाहून आली होती ती आईचे कपाट रिकामे करायला. तिथल्या एका ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्याची नोकरी ती एकवीस वर्षे करत होती. संध्याकाळी पाचच्या बसने ती परत जाणार होती. नाही म्हणणे सोपे होते. पण दोन वर्षांपूर्वी तिने जे लांबून बघितले होते ते एकदा आत शिरून बघावे, आणि मग या गावाचे कायमचे नाव टाकावे, असे तिच्या मनात आले. तिने टोपी बाजूला सारली आणि आईचे रबरी बूट पायात चढवले.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये ती न कळवता आली होती. बसमधून उतरून सरळ बंदराच्या कठड्यापाशी गेली, तर खाली चिखलात आई. टोपी, एप्रन, भोवती दहा-बारा गोरीगुलाबी माणसे. आई वाकून दाखवत होती, ती माणसे वाकत होती. आई उठली की उठत होती. एका बाईने आईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढवला आणि मग तो हात स्वतःच्या विजारीला पुसला. हे सगळे साबेलाने वरून पाहिले. रात्रीच्या जेवणाला ती आईला म्हणाली, "माकडाला बघायला येतात तसे लोक येतात तुला बघायला. लाज नाही वाटत?"

आईने पाव रश्शात बुडवला, खाल्ला, ताटली धुतली. मग म्हणाली, "बूट धुवायचे राहिलेत." आणि बाहेर नळावर गेली.

त्यानंतर रविवारचा फोन तेवढा राहिला. तीन मिनिटे. हवा, गुडघे, मोंचो. फेब्रुवारीत औषधाच्या दुकानात, रांगेत उभी असतानाच आई खाली बसली आणि उठली नाही. वय सदुसष्ट. तिच्या हातातली चिठ्ठी गुडघ्याच्या मलमाची होती.

आईचे, डोरिंडाचे, आयुष्य सांगायचे तर चार वाक्यांत सांगून होईल. चौदाव्या वर्षी ती खाडीत उतरली. नवरा दूरच्या बोटीवर गेला तो तिकडेच दुसरे घर करून राहिला. दोन मुले वाढवली. त्रेपन्न वर्षे, ओहोटीच्या वेळापत्रकाने उठली, जेवली आणि झोपली. पुस्तकांच्या जगात राहणाऱ्या साबेलाला या चार वाक्यांचे पाचवे वाक्य कधी करता आले नव्हते.

काल कपाट आवरताना मात्र एक गोष्ट सापडली होती, आणि ती रात्रभर सलत राहिली. आईच्या साठाव्या वाढदिवसाला साबेलाने नेलपॉलिशची बाटली पाठवली होती, पोवळ्याच्या रंगाची. पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला स्वतःचीच शरम वाटली होती; वाळूने नखे मुळापर्यंत झिजलेल्या बाईला नेलपॉलिश. ती बाटली कपाटात होती, आणि जवळजवळ संपलेली होती. म्हणजे आई लावत होती. मुलीसाठी कधी लावले नाही. त्या फोटो काढणाऱ्यांसाठी नखे रंगवून बसत होती. साबेलाने बाटली कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि पिशवीला गाठ मारली.

पाहुणे पायऱ्यांवर जमले होते. उन्हाळी टोप्या, नवे कोरे मोजे, नाकावर पांढरे मलम. म्होरक्या होता माद्रिदचा एक दातांचा डॉक्टर; त्याने येताना सगळे वाचून काढले होते आणि ते तो बाकीच्यांना परत सांगत होता. त्याच्या बायकोने खोल श्वास घेतला.

"काय हवा आहे," ती म्हणाली. "इथल्या लोकांना कळत नसेल आपण किती भाग्यवान आहोत ते."

"कळतं की," साबेला म्हणाली. "रोज सकाळी उठून आम्ही एकमेकांना सांगतो."

बाईने मनापासून मान हलवली. असल्या माणसांना टोमणा मारणे म्हणजे उशीला टाचणी टोचणे, हे साबेलाच्या लक्षात आले.

पायऱ्यांच्या खालच्या टोकाला बाल्बिना उभी होती. सत्तरीची, रुंद, कमरेला दोरीने बांधलेला जुना रेनकोट. आईची चाळीस वर्षांची जोडीदारीण. तिच्या मागे, डाव्या हाताला, जवळच्या वाफ्यावर अकरा बायका वाकलेल्या होत्या. कोणी मान वर केली नाही, पण सगळ्यांची दाताळी थांबली होती.

"भावानं पाठवलं?" बाल्बिना म्हणाली.

"हो, मावशी."

"डावीकडे न्यायला सांगितलं असेल."

"हो."

बाल्बिनाने नऊ जोडी बुटांकडे एकेक करून पाहिले. "मार्चमध्ये बी टाकलंय आम्ही त्यात. तांदळाएवढं बी, हातानं. शेवाळ उपसून उपसून पाठ मोडली. हे नऊ हत्ती एकदा चालून गेले की पुढच्या तीन वर्षांच्या पिकाची माती झाली." मग तिने रेनकोटच्या खिशातून काळ्या दोरीत ओवलेली एक पत्र्याची पट्टी काढली आणि साबेलाच्या हातात दिली. "हे घे. तुझ्या आईचं माप. खडकांच्या पलीकडे जा, तिथं सगळं ठेवलेलं आहे."

साबेलाने पट्टी हातात फिरवली. माप तिच्या ओळखीचे होते. पट्टीच्या मधोमध फट असते. शिंपली फटीतून खाली पडली तर ती लहान, परत वाळूत घालायची. अडली तर मोठी, बादलीत टाकायची. लहानपणी शाळेला सुट्टी असली की हे काम तिचे. आईच्या मापाच्या फटीत तिचा अंगठा आणि एक बोट नीट बसायचे, ते अजून हाताला आठवत होते. आता अंगठ्याशेजारी दोन बोटे आरामात गेली.

"मावशी, हे चुकीचं आहे. फट मोठी आहे याची."

"चुकीचं नाही." बाल्बिनाने आवाज खाली आणला. "पाहुण्यांचं आहे. तिचं खरं माप घरी खिळ्याला आहे. हे तिनं गॅरेजवाल्याकडून कापून घेतलं, पहिल्याच उन्हाळ्यात. तुझ्या भावानं पाहुणे आणायचे ठरवले आणि संघानं मान डोलावली, तेव्हा आम्ही सगळ्या ओरडलो. डोरिंडा नाही ओरडली. म्हणाली, मी नेते त्यांना. आणि नेलं ते पलीकडच्या मेलेल्या वाळूत, जिथं वीस वर्षांत शिंपली झाली नाही. आदल्या दिवशी स्वतःच तिथं पुरून यायची, पन्नास-साठ. हे उकरायचे, खूश व्हायचे, मग ती माप लावायची. सगळ्या लहान. सगळ्या परत. पुढच्या शनिवारी दुसरे यायचे, त्याच शिंपल्या उकरायचे. सहा वर्षं, पोरी. आमच्या वाफ्याला एक परका बूट लागू दिला नाही तिनं. काल त्याच शिंपल्या मी पुरून आले."

वर डॉक्टर कुणाला तरी भरती-ओहोटीवर चंद्राचा परिणाम कसा होतो ते समजावत होता.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"विचारलं होतं मी. म्हणाली, साबेलाला सांगितलं की ती मोंचोला एका झटक्यात ऐकवून मोकळी होईल. तिला गप्प बसता येत नाही." बाल्बिनाने नाक पुसले. "कौतुकानं म्हणायची. आमच्यात कुणाला इतकं बोलता येतं, असं."

वर कठड्यापाशी मोंचो आला होता. त्याने हात उंच करून डावीकडे दाखवले, परत परत, जणू साबेला आंधळी आहे. अकरा बायका आता सरळ उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. शिकलेली पोरगी, शहरात राहते, पाचची बस आहे तिला. तिच्याकडून काय होणार ते त्यांना ठाऊक होते. तुच्छतेने बघणे फक्त आपल्यालाच येते, असा साबेलाचा समज होता. या बायका त्या विद्येत तिच्या किती पुढे आहेत ते तिला त्या वाफ्याच्या कडेला उभे राहून कळले.

डॉक्टर डावीकडे वळलाच होता.

"तिकडे नको," साबेला म्हणाली.

"का? भाऊ तर तिकडे दाखवतायत."

साबेलाला खोटे बोलण्याची सवय नव्हती. जन्मभर ती खरे बोलत आली होती, आणि त्याचा तिला फार अभिमान होता. "भावाला चिखलातलं काय कळतंय," ती म्हणाली. "खाली दलदल आहे. गेल्या वर्षी एक जण कमरेपर्यंत रुतला. बूट अजून आतच आहेत."

डॉक्टरने पाय उचलून घेतला. "आणि त्या बायका?"

"त्यांना सवय आहे. त्या हलक्या पायाच्या आहेत."

बाल्बिना चांगली नव्वद किलोची होती. ती पाठ फिरवून वाकली आणि तिचे खांदे थोडा वेळ हलत राहिले.

खडकांच्या पलीकडची वाळू करडी आणि घट्ट होती. साबेलाने नऊ जणांना ओळीत उभे केले, दाताळे कसे धरायचे ते दाखवले. वाकली की ते वाकत, उठली की उठत. वर कठड्यावरून आज दुसरे कोणी बघत असते, तर त्याला काय दिसले असते ते तिला नेमके माहीत होते. फुलांचा एप्रन नव्हता, एवढाच फरक.

"वाळूवर दोन बारीक भोकं दिसतात, जवळजवळ. तिथं उकरा. नखानं उकरल्यासारखं, कुदळ मारल्यासारखं नको."

पंधरा मिनिटांत पहिली शिंपली निघाली. मग दुसरी. पाहुण्यांतल्या बायका लहान मुलांसारख्या किंचाळू लागल्या. डॉक्टरच्या बायकोने आपली शिंपली दोन्ही तळव्यांत धरून आणली. साबेलाने माप पुढे केले. शिंपली फटीतून खाली पडली.

"लहान आहे."

"ही एवढी?"

"कायदा आहे."

"किती काळजी घेता हो तुम्ही निसर्गाची," बाई म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने ती परत वाळूत ठेवली.

एकामागून एक शिंपल्या आल्या आणि एकामागून एक खाली पडल्या. "लहान." "हीपण लहान." "पुढच्या वर्षी या." साबेलाच्या तोंडून ही वाक्ये निघत होती, कोरडी, आखूड, आणि तिला कळेना की हा आवाज ओळखीचा का वाटतो आहे. रविवारच्या फोनवरचा आवाज होता तो. त्या तीन मिनिटांत पलीकडे काहीच नाही, असे वाटून तिने दर वेळी फोन ठेवला होता.

सातव्या की आठव्या शिंपलीवर तिला तो रंग दिसला. आधी वाटले ऊन चमकले. बिजागरीजवळ, शिंपलीच्या रेघांच्या खाचेत, मोहरीएवढा ठिपका. पोवळ्याच्या रंगाचा. पुढच्या शिंपलीवर पण होता, अर्धा झिजलेला. त्याच्या पुढच्या शिंपलीवरही. आईने खुणा केल्या होत्या, ह्या शिंपल्या चुकून खऱ्या बादलीत जाऊ नयेत म्हणून. कपाटातली बाटली नखांवर संपली नव्हती.

साबेलाने चिखलात एक गुडघा टेकला. बुटाचा पट्टा नीट करते आहे असे दाखवले आणि तो बराच वेळ नीट केला.

"ही बघा," डॉक्टर तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "आता ही लहान म्हणू नका."

त्याच्या तळहातावर जाड, पिवळट, जुनी शिंपली होती. एक कड थोडी टवका उडालेली. खाचेत रंग होता, पण एका जागी नव्हता. झिजलेला, त्यावर पुन्हा दिलेला, पुन्हा झिजलेला. दर उन्हाळ्यात नवा. सहा उन्हाळे ही उकरली गेली होती, कुणाकुणाच्या तळव्यात बसून फोटोत गेली होती, आणि परत पुरली गेली होती. साबेलाने ती घेतली आणि माप लावले.

शिंपली खाली पडली नाही.

तिने अलगद अंगठ्याने दाबून पाहिले. आडवी केली, उभी केली. फटीच्या दोन्ही कडांना ती टेकली होती आणि हलत नव्हती. आईने गॅरेजवाल्याकडून कापून आणलेल्या, कुठलीच शिंपली ज्यात अडणार नाही अशा मापात ती पुरी बसली होती.

"बसली की नाही?" डॉक्टर म्हणाला. सगळे गोळा झाले. कोणीतरी फोन वर धरला.

साबेलाने शिंपली फटीतून सोडवली आणि मुठीत झाकली.

"लहान आहे," ती म्हणाली.

"अहो, आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"कड तुटलेली आहे, त्यामुळे अडली. आणि हा ठिपका बघा. आजार असतो असा. हात धुऊन घ्या चांगले, तोंडाला लावू नका."

डॉक्टरने हात विजारीला पुसला. माणसे मागे सरकली. साबेला त्यांच्यापासून दहा पावले दूर गेली, बोटांनी वाळू उकरली, शिंपली उभी ठेवली आणि वरून तळव्याने दाबली. ती उठेपर्यंत वाळूवर दोन बारीक भोके उघडली होती.

दुपारी मोंचो अंगणातल्या नळापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झालेला होता. नऊ बादल्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, नऊही कोरड्या.

"एकसुद्धा नाही? डावीकडे ने म्हणून सांगितलं होतं ना तुला? हात हलवून हलवून खांदा दुखला माझा. ती बाई म्हणते, आजारी शिंपल्या आहेत इथल्या, जेवायला नको. चार जणांनी ऑम्लेट मागवलं. संध्याकाळी अध्यक्षाला मी काय सांगू आता?"

"सांग, काही मिळालं नाही."

"आईसारखंच केलंस तू. अगदी आईसारखं. सहा वर्षं तिला सांगून दमलो, तिच्या डोक्यात शिरलं नाही." तो थांबला. बहिणीच्या गळ्यातल्या काळ्या दोरीकडे त्याचे लक्ष गेले, पण त्यातून त्याला काही सुचले नाही. "तुझी बस पाचला आहे ना? चार वाजलेत. ऐकतेस का?"

नळाखाली चिखलाने भरलेल्या बुटांच्या नऊ जोड्या होत्या, दहावी तिच्या पायात. साबेलाने बाही वर सारली. पहिला बूट उचलून उलटा केला, आतली वाळू झटकली आणि धारेखाली धरला. पत्र्याची पट्टी पुढे लोंबून नळाला लागली. तिने ती ब्लाउजच्या आत टाकली.

"बूट धुवायचे राहिलेत," ती म्हणाली.